मोटारीचा दट्ट्या आणि नीरेचा ऊस



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा अर्वाचीन इतिहास सांगावयाचा म्हणजे कालव्यापासून आरंभ करावयाचा, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे, आणि तो योग्यच आहे. १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळे आली आणि गुऱ्हाळांच्या मागोमाग साखर कारखाने आले. १९१४ साली दौंडाहून बारामतीपर्यंत लहान रुळांची आगगाडी सुरू झाली आणि मोरोपंतांच्या गावी आर्यांपेक्षा गुळाच्या भावाची चर्चा अधिक होऊ लागली. मीही आज कालव्यापासूनच निघणार आहे. मात्र जाऊन पोहोचणार आहे ते मोटारीच्या इंजिनात, आणि तेथेही एका हातात मावणाऱ्या वस्तूपाशी, म्हणजे दट्ट्यापाशी. शाळेच्या पुस्तकात त्याला दट्ट्या म्हणतात. गॅरेजमध्ये कोणी तसे म्हणत नाही, तेथे तो पिस्टन असतो. आपणही आता पिस्टनच म्हणू.

प्रश्न असा आहे. आपल्या भागात अनेक वाड्यांच्या ढेलजेत, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्या उभ्या आहेत. कोठे फियाट, कोठे जीप. आजोबांनी उसाच्या पट्टीवर घेतलेली गाडी नातू बाहेर काढतो, इंजिन उतरवतो, फिटरकडे नेतो. उघडून पाहावे तो सिलिंडर घासलेले, पिस्टन सैल झालेले. म्हणजे रिबोअर आले आणि नवे पिस्टन आले. याच क्षणी कोणीतरी सुचवते, ‘नवे टाकायचेच आहेत, तर उंच माथ्याचे टाका. कॉम्प्रेशन वाढेल, गाडी पळेल.’ ऐकणाऱ्याला ते पटते. खर्च तर होणारच आहे, मग त्याच खर्चात शक्ती वाढली तर नको कोण म्हणेल?

हा प्रश्न गॅरेजच्या बाकावर सोडवण्यासारखा आहे. त्याला व्याख्यानमालेचे व्यासपीठ कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु या प्रश्नामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते: पिस्टन किती दाबील हे पिस्टन घडविणाऱ्याने एकट्याने कधीच ठरविलेले नाही, ते नेहमी इंधनाने ठरविले आहे. आणि ते इंधन आता काही अंशी आपल्याच उसातून निघते.

आधी दाब म्हणजे काय ते पाहू. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते ती आणि पिस्टन वर गेल्यावर जी थोडीशी जागा उरते ती, या दोहोंचे प्रमाण म्हणजे कॉम्प्रेशनचे प्रमाण. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सात भाग जागेतून एका भागात कोंबले तर प्रमाण सातास एक झाले. प्रमाण जितके मोठे, तितके त्याच पेट्रोलातून अधिक काम निघते. हे उष्णतेच्या शास्त्राचे गणित आहे आणि ते मोडता येत नाही. कागदावरच्या निर्दोष इंजिनात प्रमाण चारास एक असेल तर उष्णतेपैकी ४३ टक्के कामी येते, सातास एक असेल तर ५४ टक्के, आठास एक असेल तर साडेछप्पन्न, दहास एक असेल तर ६० टक्के. खऱ्या इंजिनात याच्या निम्मे हाती लागले तरी पुष्कळ. पण हे आकडे एकामागून एक वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. चारावरून पाचावर गेले तर मोठी उडी पडते. सातावरून आठावर गेले तर काम जेमतेम चार टक्क्यांनी वाढते. पहिल्या पंगतीला जे वाढले जाते ते शेवटच्या पंगतीला मिळत नाही.

आता हे आकडे हातात धरून पाहू. आपल्याकडच्या फियाट अकराशेचा सिलिंडर ६८ मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. म्हणजे एका सिलिंडरची जागा सुमारे २७२ घनसेंटिमीटर आणि चारांची मिळून १,०८९. प्रमाण सात धरले तर वर उरणारी जागा ४५ घनसेंटिमीटरांच्या थोडी पुढे जाते. आठ करावयाचे तर ती ३९ वर आली पाहिजे. फरक साडेसहा घनसेंटिमीटरांचा, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून किंचित अधिक. पिस्टनचा माथा पावणेदोन-दोन मिलिमीटरांनी उंच केला की काम झाले. एवढ्या लहानशा फरकासाठी जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळांनी आयुष्ये खर्ची घातली, यावर सहसा विश्वास बसत नाही.

१८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो याने चार धावांचे इंजिन चालविले तेव्हा त्याचे प्रमाण अडीचाच्या आसपास होते. पुढे हेन्री फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीचे प्रमाण चारास एकच्या जवळ होते, आणि सुमारे २,९०० घनसेंटिमीटरांचे ते इंजिन वीस अश्वशक्ती देत असे. आपली फियाट त्याच्या एकतृतीयांशाहून थोड्या मोठ्या इंजिनात त्याच्या दुप्पट देते. यात सगळे श्रेय कॉम्प्रेशनचे नव्हे, पण मोठा वाटा त्याचा आहे. मग फोर्डने प्रमाण का वाढविले नाही? त्याला गणित येत नव्हते असे नव्हे. वाढविले की इंजिन ठोकू लागे. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावे तसा आवाज चढणीवर येई, आणि तो तसाच येऊ दिला तर पिस्टनचा माथा खचे, प्रसंगी भोक पडे.

हा ठोका कशाचा, हे बराच काळ कोणालाच उमगले नव्हते. ठिणगी लवकर पडते म्हणून, बेअरिंग सैल आहे म्हणून, अशी कारणे सांगितली जात. इंग्लंडमधील हॅरी रिकार्डो याने पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर या गोष्टीचा छडा लावला. ठिणगीपासून निघालेली ज्योत मिश्रण पेटवीत पुढे सरकते; तिच्यापुढचे न जळलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतके तापते की ज्योत पोहोचण्याआधीच ते एकदम स्फोट पावते. शेत बांधाकडून जाळीत यावे आणि मधल्याच पाचटाने आपण होऊन पेट घ्यावा, तसे. रिकार्डोने चालू असताना प्रमाण बदलता येईल असे एक इंजिन बनविले आणि निरनिराळी इंधने किती दाब सोसतात ते मोजून काढले. निष्कर्ष असा की दोष बहुतांशी इंधनाचा आहे. एक पेट्रोल पाचालाच ठोकते, दुसरे सहापर्यंत शांत राहते, आणि मद्यार्क तर त्याच्याही पलीकडे जातो. हेडच्या आतील पोकळीचा आकार नीट ठेवला, मिश्रण घुसळले जाईल असा केला, तर तेच इंधन थोडा अधिक दाब सोसते, हेही त्यानेच दाखविले. जुन्या इंजिनावर काम करणाऱ्या फिटरला रिकार्डोचे नाव ठाऊक नसेल. त्याने घडविलेल्या आकाराचे हेड मात्र त्याने अनेकदा हाताळलेले असते.

अमेरिकेत याच काळात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग आणि थॉमस मिजली हे ठोक्यावर औषध शोधीत होते. मला स्वतःला मोटारीच्या साऱ्या इतिहासात हा भाग सर्वांत उद्बोधक वाटतो. १९२१ च्या ऑक्टोबरात मिजलीने वाढीव कॉम्प्रेशनची एक मोटार डेटन शहराहून इंडियानापोलिसच्या अभियंत्यांच्या सभेला नेली, आणि तिच्या टाकीत ३० टक्के मद्यार्क मिसळलेले पेट्रोल होते. गाडी ठोकली नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच उत्तर सापडले होते, आणि ते शेतात पिकणारे उत्तर होते. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात शिशाच्या एका संयुगाचा गुण ध्यानात आला. चिमूटभर घातले की पुरे, आणि त्यावर पेटंट घेता येते. मद्यार्क तर कोणीही गाळावा! १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनलाच शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनविताना पाच कामगार विषबाधेने दगावले. काही काळ विक्री थांबली, पुन्हा सुरू झाली. शिशाच्या आधाराने इंजिनांचे प्रमाण पाचावरून सहावर, सहावरून सातावर, पुढे आठ-नवावर चढत गेले. त्याची किंमत जगभरच्या मुलांच्या रक्ताने दिली. भारतात शिसे घातलेले पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीपासून बंद झाले. जगातील शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, ते २०२१ मध्ये बंद केले.

आता आपल्या गावाकडे येऊ. येथे मोटारीच्या आधी कॉम्प्रेशनची ओळख करून दिली ती ऑइल इंजिनाने. साताऱ्याचे कूपर, विलायतेचे रस्टन, आणि १९४६ साली पुण्यात खडकीला स्थापन झालेल्या कारखान्याचे किर्लोस्कर ही नावे विहिरीच्या काठावर घरच्या माणसासारखी घेतली जात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. नुसती हवा सोळा-अठरा पटींनी दाबली की ती इतकी तापते की त्यात फवारलेले तेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली हे सिद्ध करून दाखविले. पेट्रोल इंजिनात जो दोष, तो येथे गुण. आपल्या शेतकऱ्याला हे शास्त्र कोणी सांगितले नाही, तरी ते त्याच्या मनगटाला ठाऊक होते. हँडल मारताना व्हॉल्व उघडा धरणारी दांडी आधी वर करावयाची, चाकाने वेग घेतला की ती खाली पाडावयाची. तेवढ्यात हातातील हँडलला जो झटका बसे तोच कॉम्प्रेशन. ज्याने पहाटेच्या थंडीत चार वेळा हँडल मारून पाहिले आहे त्याला ‘अठरास एक’ म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पेट्रोलच्या मोटारीचा आपल्या भागाशी जो संबंध आहे तो इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावरून जातो. सोलापुरास १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी तेथे ऊस लावला, साखर कारखाना उभारला आणि त्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव पडले. हेच वालचंद शेठ विमानांच्या कारखान्यासाठी बेंगळूरला आणि जहाजांच्या कारखान्यासाठी विशाखापट्टणला गेले. मोटारी या देशात बनाव्यात हा त्यांचा ध्यास होता आणि त्या कल्पनेला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा पाठिंबा होता. परक्या सरकारने त्याला उत्तेजन दिले नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये क्रायसलर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या, आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंद १९५३ मध्ये वारले. फियाट अकराशे घरोघर झालेली त्यांनी पाहिली नाही.

क्रायसलरचे नाव निघाले म्हणून एक आठवण सांगितली पाहिजे. ही कंपनी जन्मालाच कॉम्प्रेशन घेऊन आली होती. १९२४ च्या तिच्या पहिल्या गाडीचे प्रमाण ४.७ होते, आणि त्या काळी ते ‘उच्च’ म्हणून गाजले. पुढे तिने अधिक दाबाचे एक हेड काढले. त्याला लाल रंग देत, म्हणजे मालकाने साधे पेट्रोल घालू नये हे बॉनेट उघडताच दिसावे. आज आपण ज्याला इंजिन ‘अपग्रेड’ करणे म्हणतो त्याचा हा जुना, कारखान्याने स्वतः केलेला नमुना होय. आणि त्याच्या बरोबरीने इंधनाची अटही आली होती.

फियाटचेही तसेच. १९५३ साली इटलीत हे १,०८९ घनसेंटिमीटरांचे इंजिन ३६ अश्वशक्ती देत होते. त्याच वर्षी निघालेल्या वेगवान आवृत्तीत कॉम्प्रेशन वाढविले, कार्बोरेटर बदलला आणि तेच इंजिन पन्नासच्या घरात गेले. १९६० नंतर इटलीत साध्या गाडीतही ते अठ्ठेचाळीसपर्यंत पोहोचले. आपल्याकडे १९६४ साली आलेली अकराशे डी, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, ती शेवटपर्यंत चाळिसाच्या आसपासच राहिली. लोकांनी याला आळस म्हटले, मक्तेदारी म्हटले, आणि त्यात तथ्यही होते. पण इंधनाची बाजू कोणी पाहत नसे. १९७० च्या दशकात आपल्या पंपांवर ८३ आणि ९३ अशा दोन अंकांचे पेट्रोल मिळे. हा ऑक्टेन अंक म्हणजे इंधनाची ठोका सोसण्याची शक्ती. आडगावच्या पंपावर कनिष्ठ प्रत मिळणार, त्यात कोणी रॉकेल मिसळलेले असणार, आणि रॉकेल तर ठोक्याचे माहेरघर. मे महिन्याच्या उन्हात भिगवणच्या वाटेवर सहा माणसे आणि दोन पोती घेऊन जाणाऱ्या गाडीला कमी कॉम्प्रेशन हेच वरदान होते. पद्मिनी ठोके, धापा टाके, पण पोहोचे. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस गेली.

जीपची गोष्ट थोडी निराळी आहे. महायुद्धातील विलिस जीपचे प्रमाण साडेसहाच्या किंचित खाली होते आणि शक्ती ६० अश्वांची. उंच प्रदेशासाठी, जेथे हवा विरळ, सातास एकचे हेड निराळे मिळे. येथे पिस्टन नव्हे, हेड बदलत, हे लक्षात घ्यावे. त्याचे कारण, त्या इंजिनात व्हॉल्व सिलिंडरच्या बाजूला असतात. मिश्रणाला बाजूच्या खोलीतून वळसा घालून पिस्टनवर यावे लागते. पिस्टनचा माथा उंच केला तर तो येण्याची वाटच अरुंद करतो. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले! पुढच्या जीपमध्ये, जी महिंद्रांनी आपल्याकडे बनविली, आत येणारा व्हॉल्व हेडमध्ये वर नेला, तेव्हा प्रमाण ६.९ झाले आणि शक्ती ७२. ज्यांच्याकडे जुनी विलिस आहे त्यांनी उंच माथ्याच्या पिस्टनचा विचार सोडावा, असे मी स्पष्ट सांगतो.

बारामतीची हवाही थोडी विरळच आहे. गाव समुद्रसपाटीपासून सव्वापाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे सिलिंडरमध्ये मुंबईपेक्षा काही टक्के हवा कमी भरते. कॉम्प्रेशन थोडे वाढविण्याच्या बाजूने हा एक मुद्दा झाला. उन्हाळ्यातील चाळीस अंश हा विरुद्ध बाजूचा.

आता इंधनाकडे वळू, कारण नवी गोष्ट तेथेच घडली आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी एक कायदा झाला. पण मळीपासूनचा मद्यार्क दारूकडे आणि रसायनांकडे गेला. मोटारीच्या टाकीत फारसा आला नाही. २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले आणि बरीच वर्षे अडखळत चालले. २०२१ च्या जूनमध्ये पुण्यात तीन पंपांवर निव्वळ इथेनॉल विकण्याचा प्रयोग झाला. २०२२ च्या जूनमध्ये देशात दहा टक्क्यांची मजल गाठली गेली, २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ मध्ये ते सर्वत्र झाले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या आपल्या दोन तालुक्यांतील कारखान्यांची नावे आपण भावाच्या आंदोलनांत ऐकतो. यांपैकी काहींच्या आवारातील आसवनींचा माल आता पेट्रोलमध्ये जातो. मिजलीने १९२१ साली टाकीत घातलेले मिश्रण शंभर वर्षांनी आपल्या दारात आले, आणि ते आपल्याच उसाचे!

इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास आहे. तो मिसळल्याने नेहमीच्या पेट्रोलचा अंक, जो पूर्वी ८८ होता, तो ९५ झाल्याचे सरकारने २०२५ साली सांगितले. शिवाय इथेनॉलची वाफ होताना तो पुष्कळ उष्णता शोषतो, मिश्रण थंड होते, आणि थंड मिश्रण ठोकत नाही. म्हणजे आजोबांच्या फियाटला तिच्या उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते असे दाब सोसणारे इंधन आज साध्या पंपावर आहे. उंच पिस्टन सुचविणारा मित्र नकळत खरे बोलत होता. आठास एक प्रमाण, जे १९६५ साली रॉकेलमिश्रित पेट्रोलवर आत्मघात ठरले असते, ते आज या इंजिनाला सहज पेलेल.

परंतु त्याच इंधनाची दुसरी बाजू अशी की एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच उष्णता असते. वीस टक्के मिसळले की लिटरमागे सहा-सात टक्के घट आली. कॉम्प्रेशन सातावरून आठावर नेऊन मिळवलेले चार टक्के त्यातच जिरतात. म्हणजे जुन्या गाडीला नव्या पेट्रोलवर पूर्वीइतके चालवायचे असेल तर थोडे कॉम्प्रेशन वाढविणे ही चैन राहत नाही, भरपाई ठरते. दुसरे, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते; म्हणून जुना कार्बोरेटर तसाच ठेवला तर मिश्रण विरळ पडते, इंजिन तापते. जेट एखाद्या आकड्याने मोठा करावा लागतो. तिसरे, तो जुन्या रबराचा आणि बुचाचा वैरी आहे. पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या, फ्लोटचे बूच ही सगळी फुगतात, चिरतात. चौथे, तो हवेतील पाणी ओढतो. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी तळाशी साचते आणि पत्रा गंजतो. ज्याने पिस्टनवर हजारो रुपये घातले आणि शंभर रुपयांची नळी जुनीच ठेवली, त्याने आग लागण्याची सोय करून ठेवली असे समजावे.

यंत्राच्या अंगावर पडणारा भारही मोजला पाहिजे. कॉम्प्रेशन सातावरून आठावर नेले की काम वाढते चार टक्के. पण पेटल्यावरचा सर्वाधिक दाब वाढतो अंदाजे चौदा टक्के. नवावर नेले तर काम आठ टक्के आणि दाब सुमारे एकोणतीस. हा दाब पिस्टनच्या गजावर, क्रँकवर, गॅस्केटवर पडतो. फियाटचा क्रँक तीनच मुख्य बेअरिंगांवर फिरतो. त्याचा घडविणारा सातासाठी घडवीत होता. पन्नास-साठ वर्षांच्या थकव्यानंतर त्याच्याकडून नवाची अपेक्षा करणे म्हणजे सत्तरीच्या बैलाला शर्यतीत जुंपणे. आठ, फार तर सव्वाआठ, याच्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे.

आणि आठावर जाण्यासाठीही वाटते तितके करावे लागत नाही. रिबोअर करून सिलिंडर ६८ चा ६९ झाला की धावेची जागा २७२ वरून २८० होते, वरची पोकळी तेवढीच राहते, आणि प्रमाण आपोआप ७.२ च्या जवळ जाते. पूर्वीच्या ओव्हरहॉलमध्ये हेड एकदा घासलेले असेल तर आणखी चढलेले असते. म्हणून उंच पिस्टन मागविण्याआधी आपले इंजिन आज कोठे उभे आहे ते मोजावे. हेड उलटे ठेवून वर भोक पाडलेली काच बसवावी आणि इंजेक्शनच्या सिरिंजने तेल भरीत किती घनसेंटिमीटर मावते ते पाहावे. दहा रुपयांच्या सिरिंजने जे कळते ते सांगोवांगीच्या आकड्याने कळत नाही. अनेकदा आढळते की सातावर समजलेले इंजिन साडेसातावर कधीच पोहोचले होते.

पुढे पिस्टन बसवताना माथा व्हॉल्वला लागत नाही ना, हे पाहण्याची चांगली युक्ती जुन्या फिटरकडे आहे. माथ्यावर शाडूच्या मातीचा गोळा थापावयाचा, हेड बसवून हाताने दोन फेरे द्यावयाचे, मग उघडून माती सुरीने कापून तिची जाडी मोजावयाची. चारही पिस्टन वजनाने सारखे असावेत, काही ग्रॅमच्या आत. सोनाराच्या काट्यावर तोलले तरी चालेल. ठिणगीची वेळ किंचित मागे घ्यावी, कारण घट्ट दाबलेले मिश्रण लवकर जळते. आणि जुन्या ज्या इंजिनांत व्हॉल्वची बैठक ब्लॉकच्याच साध्या बिडात कोरलेली आहे, तेथे कठीण धातूच्या कड्या बसवून घ्याव्यात. शिसे बैठकीला वंगण देत असे. ते २००० सालीच गेले.

दोन गोष्टी उरतात, आणि त्या गॅरेजच्या बाहेरच्या आहेत. एक कायद्याची. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी निराळी नोंदणी ठरविली. तिची अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. उंच माथ्याचा पिस्टन बाहेरून दिसत नाही हे खरे. पण ज्याला आपली गाडी जुन्या वस्तूचा मान देऊन नोंदवायची आहे त्याने मूळ मापाचा पिस्टनच टाकावा. न दिसणाऱ्या गोष्टीविषयी खोटे लिहून देण्यापेक्षा चार टक्के शक्ती सोडून देणे बरे.

दुसरी पाण्याची. एक टन उसाचा सगळा रस इथेनॉलकडे वळवला तर सुमारे ७० लिटर मिळतात. त्या टनासाठी किती पाणी जाते हे आपणांपैकी कालव्याच्या टेलला राहणाऱ्यांना विचारावे. इंदापूरच्या टेलच्या गावांत पाळी वेळेवर येत नाही म्हणून झालेले तंटे जुनेच आहेत, आणि वरच्या बाजूला प्रत्येक कारखान्याला अधिक ऊस हवा आहे. २०२३ च्या डिसेंबरात पाऊस कमी पडला तेव्हा सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले, साखर अपुरी पडेल म्हणून. पुढच्या वर्षी ते उठविले. म्हणजे ज्या इंधनाच्या भरवशावर आपण पिस्टन उंच करतो ते इंधन पावसावर अवलंबून आहे. मिश्रणाचे टक्के एखाद्या दुष्काळी वर्षी खाली आले तर पेट्रोलचा अंकही खाली येईल, आणि नवावर नेलेले इंजिन भिगवणच्या वाटेवर पुन्हा खडे वाजवू लागेल. आठाचे ठोकणार नाही.

म्हणून फिटरला सांगावे की रिबोअरचा आकडा आणि हेडमध्ये मावलेले घनसेंटिमीटर बिलावर लिहून दे. पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा आकडा कारखान्यानेच ठोकलेला असतो; कॉम्प्रेशनचा मात्र कोठेच ठोकलेला नसतो. तीस वर्षांनी ते इंजिन पुन्हा उघडले जाईल तेव्हा उघडणाऱ्याला सिरिंज आणि काच घेऊन सारे मोजण्याची पाळी येऊ नये. जुने पिस्टन भंगारात देऊ नयेत. तेल लावून, कागदात गुंडाळून, गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत.